महासत्तेचे भाकीत आणि तळातल्या माणसाची मोजपट्टी



गेल्या काही वर्षांत एक धंदा जोरात चालू आहे. कोणता देश वर जाणार आणि कोणता देश बुडणार हे सांगण्याचा. यूट्यूब उघडा, 'अमेरिकेचा अस्त' तयार आहे. टीव्ही लावा, 'चीन कोसळणार' सुरू आहे. व्हॉट्सॲपवर तर रोज सकाळी २०४७ ची महासत्ता दारात येऊन उभी असते. ज्या पोराला पुढच्या महिन्याच्या मेसचे पैसे कुठून येणार हे माहीत नाही, तो पोरगा डॉलरचे राज्य कधी संपणार यावर टपरीवर तासभर बोलतो. आम्ही त्याला हसत नाही. जगाचे राजकारण आपल्या पोरांनी समजून घेतलेच पाहिजे. पण ते ज्या पद्धतीने समजावले जाते, त्यात आणि कुंडली मांडण्यात फारसा फरक उरलेला नाही.

आम्ही दर रविवारी विहारात अभ्यासवर्ग घेतो. येणारे बहुतेक जण स्पर्धा परीक्षेचे, काही पोलीस भरतीचे. मध्यंतरी एका वर्गात हाच विषय निघाला आणि सरळ दोन तट पडले. एक गट म्हणाला, "दादा, भारत महासत्ता होणारच, आकडे बघा." दुसरा गट म्हणाला, "महासत्ता होऊन आपल्याला काय मिळणार? गटारात आपणच उतरणार. बुडू दे एकदाचा." वाद रंगला, आवाज चढले, आणि वेळ संपल्यामुळे तो अर्धवट राहिला. हा लेख त्या वादाचे आमच्या बाजूचे उत्तर आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे: हे दोन्ही गट एकाच जमिनीवर उभे आहेत. राष्ट्राचे भविष्य आधीच ठरलेले आहे, आपण फक्त टाळ्या वाजवायच्या किंवा शिव्या द्यायच्या, असे दोघेही धरून चालतात. ही जमीन बुद्धाची नाही आणि बाबासाहेबांचीही नाही.

भाकितांचा हिशेब

आधी मोठमोठ्या विद्वानांच्या भाकितांचे काय झाले ते पाहू.

पॉल सॅम्युएलसन हे अमेरिकेचे नोबेल विजेते अर्थतज्ज्ञ. त्यांचे अर्थशास्त्राचे पाठ्यपुस्तक जगभरच्या विद्यापीठांत पिढ्यानपिढ्या शिकवले गेले. १९६१ च्या आवृत्तीत त्यांनी अंदाज दिला की सोव्हिएत युनियनचे राष्ट्रीय उत्पन्न १९८४ ते १९९७ च्या दरम्यान अमेरिकेला गाठू शकेल. पुढच्या आवृत्त्यांत ती तारीख पुढे पुढे सरकत गेली. तिकडे मॉस्कोत त्याच १९६१ साली निकिता ख्रुश्चेव्ह यांच्या पक्षाने, १९७० पर्यंत दरडोई उत्पादनात अमेरिकेला मागे टाकू आणि १९८० पर्यंत साम्यवादी समाजाचा पाया पूर्ण करू, असा कार्यक्रम मंजूर केला. १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत युनियन नकाशावरून गेले आणि त्याचे १५ देश झाले.

मग जपान. हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ एझ्रा व्होगेल यांचे 'जपान ॲज नंबर वन' हे पुस्तक १९७९ साली आले. अमेरिकेने जपानकडून शिकावे, असा त्याचा सूर होता. पुढची दहा वर्षे जपान जग विकत घेणार अशीच हवा होती. १९८९ च्या शेवटच्या आठवड्यात टोकियोच्या शेअर बाजाराचा निर्देशांक ३८,९०० च्या वर गेला. त्यानंतर जो घसरला, तो त्या पातळीच्या वर परत यायला फेब्रुवारी २०२४ उजाडले. चौतीस वर्षे. या काळात जपान दुसऱ्या क्रमांकाच्या अर्थव्यवस्थेवरून चौथ्यावर आला.

चीनच्या बाबतीत उलटे झाले. गॉर्डन चँग यांनी २००१ साली पुस्तक लिहून सांगितले की दहा वर्षांत चीनची व्यवस्था कोसळेल. ती दहा वर्षे संपायच्या आतच, म्हणजे २०१० साली, चीन जपानला मागे टाकून जगात दुसरा झाला होता.

आपल्याकडचे उदाहरण आमच्या पिढीला पाठ आहे. डॉ. अब्दुल कलाम आणि वाय. एस. राजन यांचे 'इंडिया २०२०' हे पुस्तक १९९८ चे. आम्ही शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेचा ठरलेला विषय असायचा, '२०२० : महासत्ता भारत'. त्या पुस्तकात शेती, आरोग्य, शिक्षण यांचाही विचार आहे. पण आमच्या वर्गापर्यंत पोचली ती फक्त घोषणा. आम्हीही त्या विषयावर हातवारे करून भाषणे केली, स्टीलचे डबे बक्षीस मिळवले. प्रत्यक्षात २०२० आले तेव्हा कामगार डोक्यावर बोचकी घेऊन महामार्गांवरून गावाकडे चालत होते. त्याच मे महिन्यात औरंगाबादजवळ करमाड येथे रेल्वे रुळावर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. ज्या सालाची भाषणे आम्ही पाठ केली होती, ते साल असे दिसले.

फिलिप टेटलॉक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने या धंद्याचीच परीक्षा घेतली. २८४ तज्ज्ञांकडून सुमारे वीस वर्षे भाकिते गोळा केली आणि प्रत्यक्ष घडामोडींशी ताडून पाहिली. २००५ साली त्याचे पुस्तक आले. सरासरी तज्ज्ञाची कामगिरी अंदाजपंचे उत्तर देण्यापेक्षा फारशी बरी नव्हती, आणि माध्यमांत जे जास्त झळकत होते त्यांची तर आणखी वाईट. एकाच मोठ्या सिद्धान्ताने सगळे जग समजावणारे लोक जास्त चुकले. टीव्हीवर छातीठोक बोलणाऱ्याला ऐकताना एवढे एक लक्षात ठेवले तरी पुष्कळ.

ज्याला तडा दिसला

मग कोणालाच काही कळत नाही का? तसे नाही. १९७६ साली पॅरिसमध्ये इमॅन्युएल टॉड नावाच्या पंचवीस वर्षांच्या तरुणाने सोव्हिएत युनियनच्या अंताविषयी पुस्तक लिहिले. त्या वेळी सोव्हिएत रणगाडे, क्षेपणास्त्रे आणि अंतराळयाने यांचा जगभर दरारा होता. या पोराने ते मोजलेच नाही. त्याने मोजले जन्मल्यावर वर्षभरात दगावणारी बाळे. १९७१ साली सोव्हिएत युनियनमध्ये दर हजार जन्मांमागे सुमारे २३ बाळे दगावत होती. १९७४ साली हा आकडा सुमारे २८ झाला. औद्योगिक देशांत सगळीकडे तो खाली येत असताना इथे वर चढला. आणि त्यानंतर सोव्हिएत सरकारने हा आकडा छापणेच बंद केले.

काही अभ्यासक पुढे म्हणाले की यातली काही वाढ मध्य आशियातल्या प्रजासत्ताकांत नोंदणी सुधारल्यामुळेही दिसत असावी. असेल. पण पोलादाचे आकडे फुगवून सांगणारे सरकार बाळांचे आकडे लपवते, यातच बरेच काही आले. कारखान्याचा अहवाल खोटा लिहिता येतो. बाळ दगावते तेव्हा त्यामागे आईचे खाणे, दवाखाना, पाणी, बापाची दारू, घरातली थंडी हे सगळे असते. राज्य माणसापर्यंत पोचते की नाही, हे तिथे कळते.

टॉड हा काही सिद्धपुरुष नव्हे. त्याच टॉडने २००२ साली अमेरिकी साम्राज्याच्या अंतावर पुस्तक लिहिले. त्याला आता वीस वर्षांवर काळ लोटला आणि अमेरिका अजून आहे. आंद्रेई अमालरिक या सोव्हिएत बंडखोराने तर आपल्या निबंधाच्या नावातच विचारले होते, सोव्हिएत युनियन १९८४ पर्यंत टिकेल का? त्याला वाटले चीनशी युद्ध होऊन ते फुटेल. युद्ध झाले नाही. पण दबलेली राष्ट्रे अलग होतील, हे त्याचे म्हणणे खरे ठरले. म्हणजे कधी आणि कोणत्या निमित्ताने, हे दोघांनाही नेमके सांगता आले नाही. तडा कुठे आहे, हे मात्र दोघांनाही दिसले, कारण दोघांनी वरून पाहिले नाही.

जपानकडेही असे खालून पाहता आले असते. मेजी काळात १८७१ साली बुराकुमिन या तिथल्या अस्पृश्य समाजाचा हीन दर्जा कायद्याने रद्द झाला. १९२२ साली त्यांनी क्योटोत 'सुइहेइशा' ही समतेची संघटना उभारली. तरीही १९७५ साली उघडकीस आले की बुराकुमिन वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या गुपचूप विकल्या जात होत्या आणि नोकरीसाठी आलेला उमेदवार 'त्यातला' आहे का हे पाहण्यासाठी कंपन्या त्या विकत घेत होत्या. व्होगेल यांचे पुस्तक येण्याच्या चार वर्षे आधीची ही गोष्ट. बायकांची स्थिती तर २०१८ पर्यंत अशी, की टोकियोतल्या एका वैद्यकीय विद्यापीठाने मुलींचे प्रवेश परीक्षेतले गुण मुद्दाम कमी केल्याचे सिद्ध झाले. नोकरी करायची की मूल वाढवायचे, अशी कोंडी ज्या देशात बाईपुढे उभी केली जाते, तिथे पाळणे रिकामे राहतात आणि देश म्हातारा होतो. जपान केवळ यामुळेच थांबला असे आम्ही म्हणणार नाही. जमिनींच्या फुगलेल्या किमती, बुडालेली कर्जे, चलनाचे प्रश्न हे सगळे होतेच. पण संकटातून वर येताना ज्या हातांची गरज होती, त्यांतले निम्मे हात त्या समाजाने आधीच बाजूला ठेवले होते.

वस्सकाराचा प्रश्न

कोणते राष्ट्र बुडेल, हा प्रश्न तथागतांनाही विचारला गेला होता. दीघनिकायातल्या महापरिनिब्बान सुत्ताची सुरुवातच तिथून आहे. मगधाचा राजा अजातशत्रू याला वज्जींचे गणराज्य जिंकायचे होते. त्याने आपला मंत्री वस्सकार याला राजगृहाच्या गृध्रकूट पर्वतावर बुद्धाकडे पाठवले. आम्ही जिंकू का, असेच त्याला काढून घ्यायचे होते.

बुद्धाने वज्जींचे हत्ती किती, रथ किती, खजिना किती हे विचारले नाही. मुहूर्त तर नाहीच. आनंदाकडे वळून त्यांनी सात गोष्टी विचारल्या. वज्जी वारंवार सभेला जमतात का? एकोप्याने जमतात आणि एकोप्याने उठतात का? ठरलेले नियम पाळतात का? वडीलधाऱ्यांचे ऐकतात का? स्त्रियांना, मुलींना बळजबरीने पळवून तर आणत नाहीत? आपल्या चैत्यांचा मान राखतात का? अर्हतांना त्यांच्या राज्यात सुरक्षित वाटते का? जोवर हे आहे तोवर वज्जींची भरभराटच होईल, ऱ्हास होणार नाही, हे बुद्धाचे उत्तर. यांनाच अपरिहानीय धम्म म्हणतात.

वस्सकार हुशार होता. तो म्हणाला, मग युद्धाने काम होणार नाही, फूटच पाडावी लागेल. अट्ठकथेत पुढची हकिकत आहे. मगधाने हाकलून दिल्याचे सोंग करून तो वैशालीत राहिला, एकाचे दुसऱ्याला सांगत राहिला, आणि तीन वर्षांत वज्जी असे फुटले की धोक्याची भेरी वाजली तरी कोणी जमले नाही. अजातशत्रूने राज्य घेतले.

वज्जींचे गणराज्य आजच्या अर्थाने लोकशाही नव्हते. सभेत बसणारे कुलीन होते, दास सभेबाहेरच होते. ते आपण लपवायचे कारण नाही. पण बुद्धाच्या उत्तराची रीत पाहा. त्यांनी तारीख दिली नाही, अटी दिल्या. अटी पाळणे माणसांच्या हातात असते, म्हणून बुद्धाचे उत्तर म्हणजे भाकीत नव्हे, ती जबाबदारी आहे. जे घडायचे ते ठरलेलेच आहे, असे मक्खली गोसाल म्हणत होता, आणि बुद्धाने त्या मताचा कडक निषेध केला होता. त्याच दीघनिकायात चक्कवत्ति-सीहनाद सुत्त आहे. राजाने निर्धनांना धन दिले नाही, म्हणून दारिद्र्य वाढले. दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे, शस्त्रांतून हत्या, आणि शेवटी माणसांचे आयुष्यच घटत गेले. राष्ट्राचा ऱ्हास मोजायला त्या सुत्ताने माणसाचे आयुर्मान घेतले. टॉडने पॅरिसमध्ये बसून जे केले ते याहून फार वेगळे नव्हते. अमेरिकेतही हेच दिसले. २०१४ नंतर तिथले सरासरी आयुर्मान सलग तीन वर्षे घसरले. ॲन केस आणि अँगस डीटन या अभ्यासकांनी दारू, अमली पदार्थ आणि आत्महत्या यांनी होणाऱ्या या मृत्यूंना 'निराशेचे मृत्यू' असे नाव दिले. अमेरिकेच्या विमानवाहू नौका मोजणाऱ्याला हे दिसत नाही.

भीमा कोरेगाव ते संविधान सभा

आपल्या इतिहासात हीच गोष्ट जास्त स्पष्ट आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला काय घडले ते आपल्याला सांगायला नको. पेशवाई बुडण्याची कारणे अनेक आहेत: सरदारांची आपसातली भांडणे, रिकामा खजिना, कंपनीची शिस्तबद्ध फौज. पण बाबासाहेबांनी 'अस्पृश्य आणि ब्रिटिश राज्य' या विषयावर लिहिताना एक मुद्दा मांडला, जो इतर इतिहासकार सहसा टाळतात. इंग्रजांनी हा देश कोणाच्या बळावर जिंकला? प्लासीला दुसाध होते, कोरेगावला महार होते. ज्या राज्याने माणसाला थुंकायलाही जागा ठेवली नाही, त्या राज्यासाठी त्या माणसाने का मरावे? त्या माणसाची गिनती पुण्याच्या दरबारातल्या कोणत्याच हिशेबात नव्हती. राज्याचे बळ मोजताना तो शून्य धरला गेला, आणि तो शून्य नव्हता.

२५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतले भाषण आपण दर वर्षी वाचतो. बहुतेक वेळा आपण त्यातला विसंगतीचा भागच उद्धृत करतो: राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता. पण त्या भाषणात बाबासाहेब उघडपणे भविष्याविषयी बोलत होते. भारताचे स्वातंत्र्य टिकेल की पुन्हा जाईल, हा त्यांचा प्रश्न होता. सिंधमध्ये दाहिर राजाच्या सेनापतींनी लाच घेतली, शिवाजी महाराज लढत असताना इतर मराठे सरदार आणि राजपूत राजे मोगलांच्या बाजूने होते, हे दाखले त्यांनी दिले. स्वातंत्र्य घालवले ते आपल्याच माणसांनी, हे सांगितले. आणि अमेरिकेतली एक गोष्ट सांगितली. तिथल्या एका चर्चने प्रार्थनेत 'आमचे राष्ट्र' हा शब्द घातला, तर लोकांनी आक्षेप घेतला की आपण अजून राष्ट्र कुठे आहोत. म्हणून तो शब्द बदलावा लागला. अमेरिकनांना जर असे वाटत होते, तर हजारो जातींत वाटलेल्या लोकांनी स्वतःला राष्ट्र म्हणणे हा भ्रम नाही का, असा त्यांचा रोख होता.

त्यांनी भारत महासत्ता होणार असे म्हटले नाही आणि भारत बुडणार असेही म्हटले नाही. ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर जे विषमतेने पिडले आहेत ते या लोकशाहीचा डोलारा उद्ध्वस्त करतील, असे सांगितले. यात 'जर' आहे. गृध्रकूटावरच्या उत्तरात जो 'जोवर' आहे, तोच हा 'जर'.

चीनच्या पुढे की मागे

आता 'आकडे बघा' म्हणणाऱ्या मित्रांसाठी आकडे. १९९० च्या सुमारास भारत आणि चीनचे दरडोई उत्पन्न जवळपास सारखेच होते. आज चीनचे आपल्या सुमारे पाचपट आहे. याचे श्रेय सहसा बाजार खुला करण्याला दिले जाते. पण बाजार खुला होत होता त्या १९८० च्या आसपास तिथली स्थिती काय होती? प्रौढांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोक साक्षर होते. आपल्याकडे १९८१ च्या जनगणनेत निम्म्याहून कमी. तिथले सरासरी आयुर्मान आपल्यापेक्षा दहाएक वर्षांनी जास्त होते. जमीनदारी मोडली होती, गावात प्राथमिक आरोग्य पोचले होते. कारखाने आले तेव्हा त्यात काम करू शकणारी, सूचना वाचू शकणारी, बायकांसकट धडधाकट माणसे तयार होती. अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ हे वर्षानुवर्षे हेच सांगत आले आहेत.

म्हणून चीन आदर्श ठरतो का? अजिबात नाही. १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात तिथे कोट्यवधी माणसे मेली आणि ते ओरडून सांगणारे वृत्तपत्र तिथे नव्हते, विरोधी पक्ष नव्हता. १९५८ पासूनच्या 'हुकोऊ' नोंदणीमुळे खेड्यातून शहरात आलेल्या मजुराला आजही शहराचे पूर्ण हक्क मिळत नाहीत. त्याची मुले गावात आजीआजोबांकडे वाढतात. एक मूल धोरणाने २०१५ पर्यंत बाईच्या गर्भावर सरकारने हुकूम चालवला आणि २०२२ पासून तिथली लोकसंख्याच घटू लागली आहे. चीनचा तडा शोधायचा तर तो तिथे शोधावा.

आणि आपला? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत पाच वर्षांखालच्या ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुरटलेली आढळली. १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात पुरेसे रक्त नव्हते. एकूण अर्थव्यवस्थेत आपण पहिल्या पाचांत गेल्याचे ढोल वाजतात, पण २०२५ च्या मानव विकास अहवालात आपला क्रमांक १९३ देशांत १३० वा आहे. जी मुले आज खुरटली आहेत, तीच २०४७ चे कामगार, सैनिक, शिक्षक आणि माता असणार आहेत. महासत्ता दुसऱ्या कोणत्या माणसांची बनवणार आहात?

आकडे लपवण्याचा रोगही इथे नाही असे समजू नका. २०१७-१८ च्या ग्राहक खर्च पाहणीचा अहवाल सरकारने २०१९ साली दर्जाचे कारण देऊन प्रसिद्धच केला नाही. २०२१ ची जनगणना झाली नाही. आता ती २०२७ साठी जाहीर झाली आहे आणि १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची मोजणी होणार असे सांगितले आहे. ती मोजणी नीट होते का आणि तिचे आकडे बाहेर येतात का, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणे हे आपले काम आहे.

एक खरा आक्षेप

अभ्यासवर्गातला एखादा चिकित्सक पोरगा इथे विचारील, "दादा, इंग्लंड आणि अमेरिका तर गुलामगिरी आणि वसाहतींच्या लुटीवरच मोठे झाले. मग अन्यायाने राष्ट्र बुडते हे कसे?" हा प्रश्न टाळता येणार नाही. न्यायी राष्ट्रच वर जाते, असा नियम इतिहासात नाही. लुटारू राष्ट्रेही वर गेली आहेत. आमचे म्हणणे वेगळे आहे. राष्ट्र ज्यांना आपल्या हिशेबातून वगळते, तिथेच त्याचा तडा असतो, आणि धक्का बसला की ते तिथूनच फुटते. अमेरिकेने माणसे गुलाम ठेवली; त्याची किंमत १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक प्रेतांनी मोजली आणि अजून मोजते आहे. इंग्लंडने बाहेर लुटले, पण त्याच काळात स्वतःच्या मजुराला हळूहळू मत दिले, १८७० नंतर त्याच्या पोरांसाठी शाळा काढल्या. भारतातल्या माणसाला त्यांनी आपला मानले नाही, आणि साम्राज्य तिथूनच सुटले. फुले, शाहू, आंबेडकरांनी इंग्रजी राज्यातून मिळालेली फट वापरली, पण त्याचे गुलाम झाले नाहीत, तेही याच जाणिवेने.

'बुडू दे' म्हणणाऱ्यांसाठी

आता दुसऱ्या गटाशी. तुमचा राग आम्हाला परका नाही. आमच्याही शिष्यवृत्तीचा हप्ता परीक्षा उलटून गेल्यावर आला होता आणि तोवर फी थकली म्हणून निकाल अडवून ठेवला होता. ज्या वस्तीत आम्ही काम करतो तिथे गटारात गुदमरून गेलेल्या माणसाच्या घरी बसून आम्ही भरपाईचे अर्ज भरले आहेत. अशा घरात बसून 'महासत्ता' हा शब्द उच्चारायची लाज वाटते.

पण राष्ट्र बुडते तेव्हा पहिल्यांदा कोण बुडते ते पाहा. सोव्हिएत युनियन गेल्यावर रशियात पुरुषांचे सरासरी आयुर्मान १९९० च्या सुमारे ६४ वर्षांवरून १९९४ साली ५८ च्याही खाली आले. मेले ते कामगार, पेन्शनवाले, बंद कारखान्यांच्या गावातले लोक. पक्षाच्या आणि कारखान्यांच्या वरच्या खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी कित्येक जण मात्र खाणी आणि तेलाच्या कंपन्यांचे मालक झाले. जहाज बुडताना वरच्या मजल्यावरच्यांना होडी मिळते. आपण तळाच्या मजल्यावर आहोत. रेशन, आरक्षण, सरकारी शाळा, ॲट्रॉसिटीचा कायदा, न्यायालय, हे सगळे मोडके असेल, पण राज्य कोसळले तर सर्वांत आधी हेच जाईल, आणि उरेल ती गावकी.

१९३१ साली मणिभवनात बाबासाहेबांनी गांधीजींना तोंडावर सांगितले होते की मला मायभूमी नाही. त्याच माणसाने पुढे मधुमेहाने शरीर पोखरलेले असताना या देशाची घटना लिहिली. हा विरोधाभास नाही. ज्याला मायभूमी नाही, त्याने ती बांधायची असते. देश आहे तसा पूजायचा नाही आणि मोडूनही द्यायचा नाही, हा तिसरा रस्ता बाबासाहेबांनी चालून दाखवला आहे.

आपली मोजपट्टी आपल्या हाती

मग आपण काय करायचे? स्पर्धा परीक्षेत 'भारत : उदयोन्मुख महासत्ता' असा निबंध येईल, तो लिहा, पण त्यात बाळमृत्यू, ॲनिमिया, बायकांचा रोजगार आणि जातीची मोजणी आणल्याशिवाय लिहू नका. कोणी अमेरिकेच्या अस्ताचा व्हिडिओ पाठवला तर त्याला तारीख विचारू नका, तिथल्या गरीब काळ्या आईच्या बाळाची स्थिती विचारा. कोणी भारताच्या उदयाचा व्हिडिओ पाठवला तर तोच प्रश्न आपल्या वस्तीबद्दल विचारा. दोन्हीकडे एकच मोजपट्टी लावली की अर्धा गोंगाट आपोआप गळून पडतो.

आणि एक ठोस काम. प्रत्येक विहारात एक वही ठेवा. वस्तीतल्या अंगणवाडीतल्या किती मुलांचे वजन कमी आहे, आठवीनंतर किती मुलींनी शाळा सोडली, शिष्यवृत्ती किती महिने उशिरा आली, सफाईच्या कामात कंत्राटदाराने हातमोजे, मास्क दिले का, हे दर सहा महिन्यांनी लिहा. अंगणवाडी ताई, आशा ताई आपल्यातल्याच आहेत, त्यांच्याकडून माहिती मिळते. माहितीचा अधिकार वापरा. जे सरकार मोजत नाही ते आपण मोजायचे, आणि ग्रामसभेत, वॉर्डाच्या सभेत ते मोठ्याने वाचायचे. वज्जींची पहिली अट हीच होती: वारंवार जमा. आपल्या विहारांत फक्त जयंतीला आणि वर्षावासात गर्दी होत असेल, तर दुसऱ्यांच्या राष्ट्राचे भविष्य सांगण्याआधी आपल्या संघाचे काय होणार याचा विचार आपण केला पाहिजे.

अमेरिका किती काळ पहिली राहील, चीन कुठे अडखळेल, २०४७ साली भारत कोणत्या क्रमांकावर असेल, हे आम्हाला माहीत नाही, आणि जो माहीत आहे म्हणतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण ज्या वस्तीतल्या मुलाचे वजन वाढत नाही, त्या वस्तीला वगळून कोणताही देश फार काळ उभा राहणार नाही, एवढे आम्ही इतिहासाच्या आधाराने सांगू शकतो. येत्या रविवारी वर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या गल्लीतल्या अंगणवाडीचा आकडा घेऊन यावा. वाद तिथून पुढे सुरू करू.

जय भीम! नमो बुद्धाय! जय संविधान!